समुद्राकडची खोली

बाहेर उणे एकतीस.
नामखाईने वहीत रेघ मारली, वर तारीख घातली
आणि खाली लिहिलं : समुद्र.
मग पेन्सिल कानावर ठेवून
बड्या कंत्राटदारासारखा माझ्याकडे बघत बसला.

उलानबातरात सगळेच लखपती.
माझा पगार चौदा लाख तुगरिक, त्याचा ट्रॉलीबसचा सोळा,
आणि महिनाअखेरीला दोघांत मिळून
बटाटे, कांदे, बुटात घालायला जुनं वर्तमानपत्र.
तेव्हा लाखांना भुलायचं नाही,
हातचा धरून नीट बेरीज करायची.

व्हिएतनामचं विमान, दोघांचं, जाऊन येऊन.
मार्चातलं, मंगळवारचं, पहाटे तीनचं.
कोणालाच नको असतं म्हणून आपल्याला परवडतं.
सात किलोची एकेक पिशवी.
सासूबाई म्हणतात आरूल न्या, वाळवलेलं दही,
परक्या मुलखात पोट बिघडलं तर?
म्हणजे दीड किलो गेलंच.
सात रात्री लिहिल्या. मग सहा.
मग माझी दाढ आठवली. पाच.

भर डिसेंबरात नारान तूलच्या बाजारात
पोहण्याचा पोशाख मागितला, तर बाई हसली.
पण होता तिच्याकडे,
मेंढीच्या कातड्याच्या टोप्यांखाली दाबून ठेवलेला.
घरी तो मी लोकरी कपड्यांवरूनच चढवला
आणि चुलीपुढे उभी राहून दोन्ही हात पसरले,
पोहणारे करतात तसे.
कोपराने किटली पडली.
नामखाई म्हणाला, छान बसतोय.

कारखान्यात मी दिवसभर बकऱ्यांची लोकर निवडते,
पांढरी वेगळी, करडी वेगळी.
शेजारच्या बाकावरची ओयूना एकदा जाऊन आलीय.
विचारलं, कसा असतो गं?
म्हणाली, खारट.
एवढंच?
बराच वेळ लोकर विंचरत राहिली, मग म्हणाली,
आणि थांबत नाही.

हे घरी सांगितलं.
सासूबाईंनी रोजच्यासारखं चहात मीठ टाकलं,
पळी उंच धरून ओतली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली.
"खारट तर हाही आहे," म्हणाल्या,
"आणि ह्याला पासपोर्ट लागत नाही."

उत्तरेला आमचं एक तळं आहे,
त्याला आम्ही समुद्र-आई म्हणतो.
लहानपणी मला वाटायचं, समुद्र म्हणजे हाच.
हिवाळ्यात गोठतो, अंगावरून ट्रक जातात.
शाळेत कळलं की समुद्रावरून ट्रक जात नाहीत,
तेव्हा त्या आईवर मी थोडी रुसले होते.

आज खोलीवरून भांडण झालं.
मागची खोली गल्लीकडे, स्वस्त.
समुद्राकडची रात्रीला चाळीस हजार जास्त.
पाच रात्रींचे दोन लाख.
नामखाई म्हणाला, रात्री डोळे मिटलेले असतात, बघणार कोण?
म्हटलं, बघायचं नाहीये. नुसता असू दे.
"नुसतं असण्याचे दोन लाख?"
मी वाट्या जरा जोरातच धुतल्या.

रात्री तीनला उठले, पाळी माझी.
चुलीत कोळशाच्या वड्या टाकल्या. सहाला तो उठेल.
लग्नाला अकरा वर्षं,
आणि हिवाळ्यात आम्ही दोघं
एकदाही सबंध रात्र झोपलेलो नाही.
पाच रात्री कुणीच उठायचं नाही,
हे वहीत कुठल्या रकान्यात धरायचं?

वही उघडीच होती.
दोन लाख त्याने लिहिले होते, खोडले होते,
बाजूला परत लिहिले होते.
आणि खाली, पासपोर्टची फी आणि छत्रीच्या मधे,
मुंगीएवढ्या अक्षरांत :
तिथे रात्री दार उघडं ठेवतात का?
विचारणे.